लोककारागिरी व अमूर्त चित्रकला : अंबादास खोब्रागडे

अंबादास खोब्रागडे : (१९२२–२०१२). भारतीय अमूर्त चित्रकार. जन्म विदर्भातील अकोला येथे. कलाक्षेत्रात ते ‘अंबादास’ या एकेरी नावानेच ओळखले जातात. अहमदाबाद व नंतर मुंबई येथे त्यांचे कलाशिक्षण झाले. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका त्यांनी १९५२ मध्ये मिळविली. पुढे त्यांनी हातमाग मंडळाच्या विणकर सेवा केंद्रात आकृतिबंधकार म्हणून काम केले. ‘ग्रुप १८९०’ या चित्रकार-शिल्पकारांच्या मंडळाचे ते एक संस्थापक सदस्य होत. १९७२ च्या सुमारास ते नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे स्थायिक झाले आणि तेथेच त्यांचे निधन झाले. विणकामाची समृद्ध लोकपरंपरा असलेल्या दोन प्रदेशांशी, म्हणजे विदर्भ व नॉर्वे यांच्याशी, त्यांचे आयुष्य निगडित होते. तथापि त्यांच्या प्रगल्भ काळातील चित्रांत लोककलेतील फूल, पक्षी, वेल वा मानवाकृती यांपैकी काहीही आढळत नाही. लोककारागिरीचे ऋण चित्रकार कोणत्या मार्गाने घेतो, हा प्रश्न त्यामुळे त्यांच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत नोंदीत त्यांच्या कलेचा याच दृष्टीने विचार केला आहे.

ऋण घेण्याचे दोन मार्ग : चित्रकाराने लोककारागिरीकडून घेण्यासारख्या गोष्टी स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिली म्हणजे तिची बाह्य रूपे : नक्षी, प्रतीके, ठरावीक रंगसंगती. ही रूपे मूळ वस्तूपासून अलग करता येतात व कागद, कापड, भिंत अशा कोणत्याही पृष्ठावर उतरविता येतात. दुसरी म्हणजे कारागिरीची कार्यपद्धती : द्रव्याचा स्वभाव ओळखणे, हाताच्या एकाच हालचालीची दीर्घकाळ पुनरावृत्ती करणे आणि त्या पुनरावृत्तीतून रूप आपोआप घडू देणे. पहिला मार्ग सुलभ व म्हणून अधिक रुळलेला आहे. दुसऱ्या मार्गाने घेतलेले ऋण चटकन डोळ्यांस दिसत नाही, त्यामुळे कलासमीक्षेत त्याची दखलही क्वचितच घेतली जाते.

विदर्भातील पारंपरिक करवतकाठी साडीवरून हा भेद स्पष्ट होतो. टसर रेशमाच्या या साडीच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी रेषा असते व तिच्यावरूनच या साडीस हे नाव पडले. ही साडी तीन धोट्यांनी विणली जाते. मधल्या अंगाचा बाणा एका धोट्याने व दोन्ही काठांचे बाणे इतर दोन धोट्यांनी चालतात. अंग व काठ जेथे मिळतात तेथे दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकविले जातात व त्या गुंतवणुकीतून दाते उमटतात. म्हणजे जिला आपण नक्षी म्हणतो ती येथे एका कृतीची खूण असते. तीच रेषा छापून वा रंगवून काढली, तर तिचे दृश्यरूप कायम राहील, परंतु काठाला अंगाशी बांधून ठेवण्याचे तिचे कार्य नाहीसे होईल.

विणकर सेवा केंद्रे : स्वातंत्र्योत्तर काळात हातमाग व्यवसायास गिरणीच्या कापडाशी स्पर्धा करता यावी, या हेतूने अखिल भारतीय हातमाग मंडळाने १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे स्थापण्यास प्रारंभ केला. या योजनेमागे पुपुल जयकर यांची प्रेरणा होती. मुंबई, मद्रास (चेन्नई), वाराणसी इ. ठिकाणी अशी केंद्रे निघाली. पुढे विदर्भासाठी नागपूर येथेही केंद्र झाले. या केंद्रांत कलाविद्यालयांतून शिकून आलेल्या तरुण चित्रकारांना आकृतिबंधकार म्हणून नेमण्यात आले. जुन्या वस्त्रांचा अभ्यास करून नवे आकृतिबंध कागदावर तयार करणे आणि केंद्रातील रंगारी व विणकर यांच्या साहाय्याने त्यांचे नमुने सिद्ध करणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते.

आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात या केंद्रांचे महत्त्व मोठे आहे. के. जी. सुब्रमण्यन हे १९५९ ते १९६१ या काळात मुंबई केंद्रात अधिकारपदावर होते. प्रभाकर बरवे (१९३६–९५) यांनी १९६१ पासून सु. दोन दशके वाराणसी व मुंबई येथील केंद्रांत काम केले. वाराणसीतील वास्तव्यात त्यांचा तंत्रमार्गातील प्रतीकांशी परिचय झाला आणि त्यांच्या त्या काळातील चित्रांवर त्याचा ठसा उमटला. जेराम पटेल, रेड्डप्पा नायडू, हकू शाह, जोगेन चौधरी यांचाही या केंद्रांशी संबंध आला. याच यंत्रणेतील भास्कर कुलकर्णी यांनी १९६०–७० या दशकात बिहारमधील मधुबनी चित्रकलेस व त्यानंतर ठाणे जिल्ह्यातील वारली चित्रकलेस कागदावर आणण्याच्या कामी पुढाकार घेतला. उपजीविकेसाठी पत्करलेली ही नोकरी अनेक चित्रकारांच्या बाबतीत दुसरे कलाशिक्षण ठरली.

कलाविद्यालयात चित्राचा विचार प्रामुख्याने रचना, छायाप्रकाश व आकृती या अंगांनी केला जात असे. मागावर यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. ताणा आधी पक्का बांधलेला असतो. विणकराला स्वातंत्र्य असते ते बाण्यापुरते आणि तेही एका वेळी एका धाग्याचे. घातलेला धागा पुसता येत नाही, तो उसवावा लागतो. कापड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारख्याच ताणाने वाढत जाते, म्हणून त्यात महत्त्वाचा मध्य आणि दुय्यम पार्श्वभूमी असा भेद मुळातच नसतो. अंबादास यांच्या चित्रांचा विचार करताना मागाची ही वैशिष्ट्ये ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

ग्रुप १८९० : ऑगस्ट १९६२ मध्ये गुजरातमधील भावनगर येथे पंड्या कुटुंबाच्या घरी काही तरुण कलावंत एकत्र आले व त्यांनी एका मंडळाची स्थापना केली. त्या घराचा क्रमांक १८९० हा होता व तोच मंडळाचे नाव म्हणून स्वीकारण्यात आला. जे. स्वामिनाथन, अंबादास, जेराम पटेल, हिम्मत शाह, गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट, राघव कनेरिया, राजेश मेहरा, एरिक बोवेन, एस्. जी. निकम, बाळकृष्ण पटेल व रेड्डप्पा नायडू हे बारा जण त्याचे सदस्य होते. मंडळाचे एकमेव प्रदर्शन ऑक्टोबर १९६३ मध्ये नवी दिल्लीतील रवींद्र भवनात भरले. त्याचे उद्‌घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. मेक्सिकोचे भारतातील तत्कालीन राजदूत व कवी ऑक्ताव्हिओ पास यांनी प्रदर्शनाच्या पुस्तिकेस प्रस्तावना लिहिली.

राजा रविवर्मा यांचा वास्तववाद, बंगाल संप्रदायाचा भावुक आदर्शवाद आणि यूरोपीय आधुनिक शैलींचे अनुकरण या तिन्हींना मंडळाच्या जाहीरनाम्यात विरोध दर्शविला होता. चित्र हे दुसऱ्या कशाचे तरी चित्रण नसून ती स्वतःच एक स्वतंत्र निर्मिती आहे, ही त्यामागील भूमिका होती. अंबादास यांनी ती अखेरपर्यंत निष्ठेने पाळली. पुढे मंडळाचे सदस्य आपापल्या मार्गांनी गेले. अंबादास यांच्याप्रमाणेच एरिक बोवेन हेही नॉर्वेत स्थायिक झाले. बारांपैकी दोघांनी नॉर्वेसारखा दूरचा देश कर्मभूमी म्हणून स्वीकारला, ही उल्लेखनीय गोष्ट होय.

नॉर्वेतील लोककारागिरी : नॉर्वे १८१४ ते १९०५ या काळात स्वीडनशी एका राजमुकुटाखाली जोडलेला होता. त्यापूर्वी सु. चार शतके तो डेन्मार्कशी निगडित होता. शहरी संस्कृतीवर परकीय प्रभाव मोठा असल्यामुळे राष्ट्रीय अस्मितेचा शोध घेणाऱ्यांनी दऱ्याखोऱ्यांतील शेतकरी कुटुंबांच्या कारागिरीकडे लक्ष वळविले. लाकडी कोरीव काम, अठराव्या शतकापासून टेलेमार्क, हालिंगदाल इ. भागांत विकसित झालेले ‘रोसमालिंग’ नावाचे वेलबुट्टीचे रंगकाम आणि लोकरीचे विणकाम ही या कारागिरीची प्रमुख अंगे होत. १८७९ मध्ये बाल्डिशोल येथील जुन्या चर्चमधील एक मध्ययुगीन विणचित्र उजेडात आले. एप्रिल व मे या महिन्यांची चित्रे असलेल्या या तुकड्यामुळे नॉर्वेतील विणचित्रकलेची परंपरा किती प्राचीन आहे, हे स्पष्ट झाले. गृहोद्योगांच्या संवर्धनासाठी १८९१ मध्ये राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि १८९४ मध्ये लोकजीवनाचे संग्रहालय निघाले.

या पुनरुज्जीवनातही वर निर्दिष्ट केलेले दोन मार्ग स्पष्ट दिसतात. चित्रकार गेरहार्ड मुंथे (१८४९–१९२९) यांनी लोककथा व जुनी नक्षी यांच्या आधारे सपाट, ठसठशीत रंगांची जलरंगचित्रे काढली व त्यांवरून इतरांनी विणचित्रे विणली. येथे कल्पना चित्रकाराची व हात विणकर स्त्रियांचे, अशी श्रमविभागणी होती. फ्रिडा हान्सेन (१८५५–१९३१) यांनी मात्र जुन्या मागाचे तंत्र स्वतः आत्मसात केले, वनस्पतिजन्य रंगांचा अभ्यास केला आणि ताण्याचे काही भाग न विणता मोकळे सोडून पारदर्शक परिणाम साधणारी विणपद्धती शोधून काढली. या पद्धतीसाठी त्यांना १८९७ मध्ये एकस्व मिळाले.

दुसऱ्या मार्गाचे सर्वांत प्रभावी उदाहरण म्हणजे हान्ना रिग्गेन (१८९४–१९७०). स्वीडनमध्ये जन्मलेल्या व चित्रकार म्हणून शिकलेल्या रिग्गेन १९२४ मध्ये पतीसह नॉर्वेच्या किनाऱ्यावरील अर्लांद येथे लहानशा शेतावर राहू लागल्या. पतीने बांधून दिलेला माग, परिसरातील लोकर आणि वनस्पतींपासून घरी तयार केलेले रंग यांच्या साहाय्याने त्या विणीत असत. कागदावर पूर्वआराखडा न करता त्या थेट मागावरच चित्र रचीत. इटलीच्या इथिओपियावरील आक्रमणाचा निषेध करणारे त्यांचे विणचित्र (१९३५) पॅरिसच्या १९३७ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात नॉर्वेच्या दालनात मांडले होते. त्याच प्रदर्शनात स्पेनच्या दालनात पिकासोचे ‘गेर्निका’ होते. ऑस्लोतील शासकीय इमारतीसाठी त्यांनी १९५८ मध्ये विणलेल्या भव्य विणचित्राला २२ जुलै २०११ च्या बाँबस्फोटात इजा पोहोचली.

पश्चिम नॉर्वेतील ‘ओक्ले’ या नावाच्या लोकरी पांघरुणांत रंगीत चौकटींची वीण असते. दोन रंगांच्या सीमेवर बाण्याचे धागे एकमेकांत अडकविण्याची रीत तेथेही आहे. विदर्भातील करवतकाठ व नॉर्वेतील ओक्ले यांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नाही. एक टसराचे, दुसरे लोकरीचे; एक उष्ण हवेत नेसण्याचे, दुसरे थंडीत पांघरण्याचे. तथापि दोन रंगांच्या कडा फट न राहता जोडण्याची अडचण दोन्हीकडे सारखीच होती आणि हातांनी तिची सोडवणूकही सारख्याच तत्त्वावर केली. लोककारागिरीतील सार्वत्रिक अंश हा नक्षीपेक्षा अशा सोडवणुकींत अधिक असतो.

अंबादास यांची चित्रे : अंबादास यांच्या प्रगल्भ काळातील तैलचित्रांत लांब, वळणे घेणारे, प्रवाही फटकारे सर्व पृष्ठभागावर पसरलेले दिसतात. प्रत्येक फटकाऱ्याच्या आत रंगाच्या अनेक बारीक रेघा शेजारीशेजारी धावतात. त्यामुळे चिरलेल्या लाकडातील शिरा, नदीकाठच्या ओल्या वाळूवरील वळ्या किंवा पिळलेल्या सुताची लड यांची आठवण व्हावी. ही साम्ये प्रेक्षकाच्या मनात उद्‌भवतात. चित्रात लाकूड, वाळू वा सूत यांचे चित्रण नसते. दृष्टी एका जागी खिळवून ठेवणारा मध्य येथे नाही. एक पट्टा दुसऱ्यावरून वा दुसऱ्याखालून जातो, क्वचित तुटतो व पुन्हा प्रकट होतो. पट्ट्यांच्या मधून मोकळी राहिलेली भूमी चित्राचाच भाग बनते. जलरंगांतही त्यांनी विपुल काम केले असून तेथे हा प्रवाहीपणा अधिक तरल झाला आहे.

या चित्रांचा विणकामाशी असलेला संबंध तीन बाबतींत दाखविता येतो. पहिली बाब म्हणजे पृष्ठभागाची समानता : कापडाप्रमाणे येथेही कोणताही भाग दुय्यम नाही. दुसरी, पुनरावृत्ती : एकाच प्रकारची हालचाल शेकडो वेळा करूनही प्रत्येक वेळी किंचित भिन्न परिणाम येणे, हे हातमागाच्या कापडाचे लक्षण येथे चित्राचे तत्त्व बनले आहे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, द्रव्याला दिलेले स्वातंत्र्य : रंग किती पसरेल, दोन छटा कोठे मिसळतील व कोठे अलग राहतील, हे ठरविण्यात रंगाच्या स्वभावाचा वाटा हाताइतकाच आहे. रंगाऱ्याला सूत कुंडात बुडविताना जी जाणीव ठेवावी लागते, तीच ही होय. मात्र विणकाम व ही चित्रे यांतील भेदही विसरता कामा नये. विणकराची रेषा ताण्याच्या काटकोनात बांधलेली असते. अंबादास यांची रेषा त्या बंधनातून मुक्त आहे. ताणा काढून घेतलेला बाणा, असे त्यांच्या फटकाऱ्याचे वर्णन करता येईल.

ऑस्लोतील चार दशकांत त्यांच्या चित्रांचा हा मूळ स्वभाव बदलला नाही. लोककारागिरीला राष्ट्रीय चिन्हाचे स्थान असलेल्या देशात राहूनही त्यांनी तेथील नक्षी उचलली नाही. परदेशस्थ भारतीय चित्रकाराकडून अपेक्षिल्या जाणाऱ्या भारतीय प्रतीकांचाही त्यांनी अवलंब केला नाही. दोन्ही प्रकारची सुलभ ओळख नाकारल्यामुळे त्यांना रूढ अर्थाने लोकप्रियता मिळाली नाही आणि महाराष्ट्रातही त्यांचे नाव जाणकारांच्या वर्तुळापलीकडे फारसे पोहोचले नाही.

वनप्रदेशातील कारागिरी व तिचे प्रश्न : अंबादास यांच्या निमित्ताने उपस्थित होणारा प्रश्न पूर्व विदर्भाच्या संदर्भात आजही तातडीचा आहे. पूर्वीच्या चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा जिल्हा वेगळा झाला. वर्धा व वैनगंगा या नद्यांच्या दुआबातील गोंडपिपरीसारखे तालुके आणि वैनगंगेपलीकडील अरण्यप्रदेश यांत गोंड, माडिया, ढिवर, बुरूड, कोष्टी इ. समाजांची वस्ती आहे. टोपल्या, सुपे व चटया यांचे बांबूकाम, लाकडी कोरीव काम आणि टसर या येथील प्रमुख कारागिरी होत. आरमोरी भागातील ढिवर ऐनाच्या झाडांवर टसराचे किडे जोपासतात. नागभीड, सावली इ. गावांत टसराचे विणकाम चालत आले आहे. या सर्व कामांत द्रव्याचे ज्ञान प्रथम येते. बांबू कोणत्या ऋतूत तोडावा, त्याच्या पेरांतील अंतर किती असावे, कोणत्या बाजूने चिरला असता कामटी सरळ निघते, हे न जाणणाऱ्यास चटई विणता येणार नाही.

या प्रदेशाची कला म्हणून आज जी शैली सर्वत्र दाखविली जाते, ती ठिपक्यारेघांनी भरलेल्या प्राण्यांची ‘गोंड चित्रकला’ मात्र मुख्यतः मध्य प्रदेशातील मंडला-दिंडोरी भागातील परधान गोंडांची आहे. ग्रुप १८९० चे जे. स्वामिनाथन भोपाळच्या भारत भवनातील (स्थापना १९८२) कलासंग्रहालयाचे संचालक असताना त्यांच्या सहकाऱ्यांना पाटणगढ येथील तरुण जनगढसिंह श्याम यांची भित्तिचित्रे आढळली. जनगढ यांना भोपाळला आणण्यात आले व त्यांच्या कागदावरील व कॅनव्हासवरील कामातून ही शैली आकारास आली. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असता त्यांनी आत्महत्या केली. एकाच मंडळातून निघालेल्या दोन चित्रकारांच्या वाटा येथे तुलनीय ठरतात. अंबादास यांनी कारागिरीची रीत आपल्या कामात मुरविली. स्वामिनाथन यांनी आदिवासी कलावंताला त्याच्या स्वतःच्या नावासह आधुनिक कलेच्या दालनात आणले. महाराष्ट्रात वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) यांच्या बाबतीतही असेच घडले.

स्थानिक चित्रांना सार्वजनिक प्रतिष्ठा मिळू लागली आहे. २०१८ मध्ये रेल्वेच्या स्थानक-सुशोभन स्पर्धेत बल्लारशाह व चंद्रपूर या स्थानकांना पहिले पारितोषिक मिळाले. त्यांच्या भिंतींवर ताडोब्याचे वन्यजीवन व आदिवासी जीवन रंगविले होते. अशा उपक्रमांचे मोल आहेच. परंतु भिंतीवर रंगविलेल्या चित्राने बुरुडाला बांबू मिळत नाही. ज्या कारागिरीचा प्राण द्रव्यात आहे, तिचे भवितव्य द्रव्यावरील हक्काशी जोडलेले असते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली (२००६) सामूहिक वनहक्क मिळाला व २०११ मध्ये तेथील ग्रामसभेस बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार प्राप्त झाला. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले. कारागिरीच्या इतिहासात या घटनांची नोंद कोणत्याही प्रदर्शनाइतकीच महत्त्वाची आहे.

मूल्यमापन : अंबादास यांच्या कलेचे महत्त्व त्यांच्या अमूर्त शैलीच्या स्वतंत्रपणात आहे, तसेच लोककारागिरीकडून नक्षीपलीकडचे काही शिकता येते हे तिने दाखवून दिले, यातही आहे. या शिकवणुकीला एक मर्यादाही आहे. चित्रकाराच्या चित्राखाली त्याची सही असते. विणकर सेवा केंद्रांतून बाहेर पडलेल्या कापडावर ते विणणाऱ्याचे नाव नसे. मुंथे यांच्या विणचित्रांबाबतही कीर्ती प्रामुख्याने चित्रकाराच्या वाट्यास आली. आधुनिक चित्रकलेने हातमागाकडून किती घेतले, याचा हिशेब कलेच्या इतिहासात आता मांडला जाऊ लागला आहे. तो पूर्ण व्हावयाचा, तर ज्या विणकरांच्या व रंगाऱ्यांच्या सहवासात अंबादास, बरवे यांसारखे चित्रकार घडले, त्यांच्या कार्याचाही त्यात समावेश व्हावयास हवा.